पक्षाघात, सेप्सिस की विषबाधा? भ्रमावस्थेतील रुग्ण तपासताना

आपला प्रश्न असा आहे की, तातडीच्या विभागात भ्रमावस्थेत आणलेला रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही, नातेवाईक ‘काहीही घेतलेले नाही’ असे ठामपणे सांगतात आणि समोरचे चित्र तर पक्षाघाताचे, सेप्सिसचे (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेचे) किंवा मेंदुज्वराचे दिसते. अशा वेळी त्यामागे विषबाधा आहे हे कशावरून ओळखावे? आणि लघवीतील मादक द्रव्यांची चाचणी करून घेतली तर तेवढे पुरते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. ती चाचणी पुरत नाही. ती द्रव्यांच्या मोजक्या गटांपुरती असते आणि त्यातही ओपिऑइडची (अफूसारख्या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांची) नेहमीची चाचणी मॉर्फिन डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असल्याने ट्रामाडॉल किंवा फेंटानिल तिच्यातून सहज निसटतात. सॅलिसिलेट (ॲस्पिरिनचा गट), लिथियम (मनोविकारावरील औषध), मिथेनॉल (विषारी अल्कोहोल), कार्बन मोनॉक्साईड आणि ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके यांपैकी काहीही त्यात कळत नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी गेल्या काही दिवसांत ते द्रव्य शरीरात गेले होते एवढेच सिद्ध होते, आजची भ्रमावस्था त्यामुळेच आहे हे सिद्ध होत नाही. निगेटिव्ह अहवालाने मिळणारे खोटे समाधान वाईटच, पण पॉझिटिव्ह अहवाल हाती पडताच डोक्याच्या सीटी स्कॅनचा विचार मागे पडणे हे त्याहून घातक आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल. माझ्या मते त्याचा गाभा एकच आहे: जे निदान प्रथम सुचले त्यात न बसणारी खूण मुद्दाम शोधायची, आणि ती सापडली की तिचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत निदान पक्के करायचे नाही. पक्षाघाताच्या रुग्णाची श्वासगती मिनिटाला ३४ का असावी? सेप्सिसच्या रुग्णाच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या का? मेंदुज्वराच्या रुग्णाचे पाय घोट्याशी धडधड का उडतात? असे प्रश्न पडण्यासाठी आधी त्या खुणा नोंदलेल्या असाव्या लागतात, आणि खरी उणीव बहुधा तिथेच असते. बाहुल्यांचा आकार, त्वचा ओली की कोरडी, मिनिटभर स्वतः मोजलेली श्वासगती, गाभ्याचे तापमान, आतड्यांचे आवाज, मूत्राशय तुंबले आहे का, स्नायूंचा ताठरपणा आणि क्लोनस (सांधा ताणून धरला असता त्याचे लयीत उडत राहणे), एवढे पाहायला तीन-चार मिनिटे लागतात. त्यासोबत बोटातून काढलेल्या रक्तावर साखर आणि एक ईसीजी. श्वासगती ‘मिनिटभर स्वतः मोजलेली’ असे मुद्दाम लिहिले, कारण नोंदवहीत वर्षानुवर्षे सगळ्याच रुग्णांची श्वासगती १८ किंवा २० लिहिलेली असते आणि त्यावर कोणाचाच विश्वास नसतो.

साखरेबद्दल सर्वांना ठाऊक असते, तरीही दोन गोष्टी सांगतो. साखर उतरल्याने केवळ घाम आणि गोंधळ होतो असे नाही. एका बाजूचा लुळेपणा, वाचा जाणे, नजर एका बाजूला वळणे असे हुबेहूब पक्षाघाताचे चित्रही उभे राहते, म्हणूनच रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी साखर पाहणे बंधनकारक मानले जाते. दुसरी गोष्ट म्हणजे, ग्लुकोज देताच रुग्ण शुद्धीवर आला आणि बोलू लागला म्हणजे काम संपले असे नाही. कारण ग्लायबेनक्लामाईड किंवा ग्लिमेपिराईडसारखे सल्फोनिलयुरिया गटातील औषध असेल, तर स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरतच राहते आणि आपण दिलेल्या ग्लुकोजमुळे ते आणखी वाढते. मूत्रपिंड मंद झालेल्या वृद्धात हा प्रभाव दिवसभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. अशा रुग्णाला किमान २४ तास दाखल ठेवावे आणि साखर पुन्हा उतरली तर इन्सुलिनचा पाझर रोखणाऱ्या ऑक्ट्रिओटाईडचा विचार करावा. रुग्ण मधुमेही नसेल तर घरातील दुसऱ्या कोणाच्या गोळ्या त्याच्या पोटात गेल्या का, हे विचारल्याशिवाय त्याला घरी सोडू नये.

आता श्वासाकडे येतो, कारण तिथे चुकण्याची शक्यता सर्वांत मोठी आणि चुकीची किंमतही तशीच. एक नमुन्याचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पंचाहत्तरीचे गृहस्थ, दोन दिवसांपासून असंबद्ध बोलत आहेत, अंगात ३८.४ अंश सेल्सिअस ताप, श्वास जलद, छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना धूसरपणा. न्यूमोनिया आणि त्यातून सेप्सिस असे निदान होते, प्रतिजैविक सुरू होते, आणि त्यात गैर काहीच नाही. मग धमनीतील रक्ताचा अहवाल येतो: पीएच ७.४५, कार्बन डायऑक्साईडचा दाब १८, बायकार्बोनेट १२. पीएच जवळपास नॉर्मल दिसतो म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. वास्तविक बायकार्बोनेट १२ असताना शरीराने भरपाई म्हणून कार्बन डायऑक्साईड २६ च्या आसपास आणायला हवा होता. तो १८ आहे, म्हणजे चयापचयातील आम्लतेखेरीज मेंदूतील श्वसनकेंद्रालाही स्वतंत्रपणे कोणीतरी चिथावत आहे. सोडियम १४० आणि क्लोराईड १०४ असेल तर ॲनायन गॅप (सोडियममधून क्लोराईड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा आकडा, जो न मोजलेल्या आम्लांमुळे वाढतो) २४ भरतो. सेप्सिसमध्येही ही दोन्ही अंगे एकत्र दिसू शकतात, पण मग ॲनायन गॅपमधील वाढ लॅक्टेटने (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यावर साठणाऱ्या आम्लाने) बरीचशी भरून निघायला हवी. लॅक्टेट जर २.५ एवढेच असेल, तर उरलेले आम्ल कोणते हा प्रश्न उरतो. या टप्प्यावर मुलीला विचारावे की, यांना ऐकू कमी येते हे केव्हापासून लक्षात आले? ‘गेल्या आठवड्यापासून, कानात आवाज येतो असेही म्हणत होते’ हे उत्तर आणि सांधेदुखीसाठी महिनोन्महिने चाललेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या एकत्र ठेवल्या, की दीर्घकालीन सॅलिसिलेट विषबाधेचे चित्र पूर्ण होते. ताप, जलद श्वास आणि फुप्फुसातील पाणी या तिन्ही गोष्टी सॅलिसिलेट एकटा घडवू शकतो.

अंगाला चोळायच्या वेदनाशामक तेला-मलमांचाही उल्लेख इथेच करायला हवा, कारण त्यांतील मिथाईल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाते आणि शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असते. नातेवाईक मलमाला औषध समजत नाहीत, त्यामुळे ‘औषधे कोणती?’ या प्रश्नाच्या उत्तरात ते कधीच येत नाही. दीर्घकालीन विषबाधेत रक्तातील पातळी फार वाढलेली नसतानाही मेंदूवर गंभीर परिणाम झालेला असतो. म्हणून भ्रमावस्था असेल तर आकड्यावर विसंबून न राहता मूत्रपिंडतज्ज्ञांशी डायलिसिसबद्दल तातडीने बोलावे. शिवाय रक्तातील साखर नॉर्मल असतानाही मेंदूतील साखर उतरलेली असू शकते, त्यामुळे भ्रम असलेल्या अशा रुग्णाला ग्लुकोज द्यावे. आणि श्वास दमछाकीचा दिसतो म्हणून घाईने श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर नेहमीच्या गतीवर लावला, तर रुग्ण मोठ्या कष्टाने बाहेर टाकत असलेला कार्बन डायऑक्साईड साठतो, पीएच कोसळतो, सॅलिसिलेट मेंदूत शिरतो आणि काही मिनिटांत हृदय थांबू शकते. नळी घालणे अटळच झाले तर यंत्राची गती रुग्णाच्या स्वतःच्या गतीइतकी ठेवावी लागते.

आम्लतेच्याच वाटेने येणारे दुसरे विष म्हणजे मिथेनॉल. सुरुवातीला रुग्ण नुसता प्यालेला वाटतो, आणि प्यालेला वाटणारा माणूस कोपऱ्यात झोपवून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. बहुधा १२ ते २४ तासांनी, सोबत साधे मद्य घेतले असेल तर त्याहूनही उशिरा, खोल व जलद श्वास, पोटदुखी, उलट्या आणि अंधुक दृष्टी सुरू होते. हे चित्र मधुमेहातील कीटोॲसिडोसिसशी इतके मिळतेजुळते असते की, केवळ साखर नॉर्मल आहे आणि आम्लता मात्र तीव्र आहे या विसंगतीवरूनच शंका यावी. ऑस्मोलर गॅप (रक्तातील विरघळलेल्या कणांचे मोजलेले आणि हिशेबाने काढलेले प्रमाण यांतील फरक) वाढलेला असेल तर शंका बळावते. पण उशिरा आलेल्या रुग्णात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होऊन गेलेले असते, म्हणून तो गॅप नॉर्मल येतो आणि फक्त ॲनायन गॅप मोठा राहतो. ‘ऑस्मोलर गॅप नॉर्मल, म्हणजे मिथेनॉल नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. त्याच्या भावंडाबद्दल, म्हणजे एथिलीन ग्लायकॉलबद्दल, एक बारकावा असा की, काही रक्तवायू यंत्रे त्याच्या विघटनातून बनणाऱ्या ग्लायकोलिक आम्लालाच लॅक्टेट समजतात. यंत्रावर लॅक्टेट अवाढव्य आणि मुख्य प्रयोगशाळेत मात्र किरकोळ, असा फरक दिसला तर तो दोष न मानता पुरावा मानावा. फोमेपिझोल हा उतारा, तो नसल्यास इथेनॉल, आणि डायलिसिस ही उपाययोजना दृष्टी जाण्यापूर्वी सुरू झाली तरच उपयोगाची, त्यामुळे पातळीच्या अहवालाची वाट पाहत बसू नये.

अंग तापलेला, बडबडणारा, अस्वस्थ रुग्ण आला की मेंदुज्वर किंवा मेंदूदाह हेच प्रथम सुचते आणि ते सुचलेच पाहिजे. इथे मात्र काखेत हात घालून पाहण्याची सवय लावून घ्यावी. काख पूर्ण कोरडी, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, आतडी शांत, मूत्राशय तुंबलेले आणि रुग्ण हवेतून न दिसणाऱ्या वस्तू वेचत पुटपुटत असेल, तर धोतऱ्याचे बी, ॲलर्जीवरच्या जुन्या पिढीतील गोळ्या, ट्रायहेक्सीफेनिडिल किंवा नैराश्यावरील ट्रायसायक्लिक औषधे यांमुळे होणारी अँटिकोलिनर्जिक (ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशवाहकाचे काम अडवणारी) विषबाधा समोर आहे. काख घामाने थबथबलेली आणि बाहुल्या मोठ्याच असतील, तर ॲम्फेटामाईन-कोकेनसारखी उत्तेजके, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद झाल्याची प्रतिक्रिया, अथवा सेरोटोनिन सिंड्रोम (औषधांमुळे सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहकाचा अतिरेक) यांचा विचार करावा. यांतील शेवटचा प्रकार हाताने ओळखता येतो. रुग्णाचा गुडघा किंचित वाकवून पाय खालून आधार देऊन धरावा, पाऊल झटक्यात वरच्या दिशेने ढकलावे आणि तसेच दाबून ठेवावे. घोटा लयीत उडत राहिला तर तो क्लोनस. सेरोटोनिन सिंड्रोममध्ये तो हातांपेक्षा पायांत ठळक असतो, आणि त्याच्या निदानासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या हंटर निकषांतही त्यालाच मध्यवर्ती स्थान आहे. मग गेल्या काही दिवसांत काय बदलले ते पाहावे: नैराश्याच्या औषधाचा डोस वाढला, त्यावर खोकल्याचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू झाले, अथवा जंतुसंसर्गासाठी लिनेझोलिड हे प्रतिजैविक दिले गेले. लिनेझोलिडचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे संसर्गावरचा उपचारच ताप वाढवत असतो आणि ताप वाढला म्हणून तोच उपचार पुढे रेटला जातो. याच्याशी गल्लत होणारा, मनोविकारावरील अँटिसायकोटिक औषधांमुळे होणारा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम काही तासांत येत नाही, तो काही दिवसांत हळूहळू चढतो. त्यात अंग शिशाच्या नळीसारखे ताठ होते, हालचाली मंदावतात आणि क्लोनस सहसा नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट विसरू नये. मेंदुज्वराची वाजवी शंका असेल तर प्रतिजैविक आणि ॲसायक्लोविर (विषाणूविरोधी औषध) लगेच द्यावे. विषबाधेचा शोध त्याच्या बरोबरीने चालवायचा असतो, त्याच्या जागी नव्हे.

टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि बेशुद्धी म्हटले की मेंदूच्या पॉन्स या भागातील रक्तस्राव आठवतो. त्याच बाहुल्यांबरोबर श्वासगती मिनिटाला १२ पेक्षा कमी असेल तर ओपिऑइड मानून त्याचा उतारा नॅलॉक्सोन थोड्या थोड्या मात्रेत द्यावे, पण त्याचा प्रभाव अनेक ओपिऑइडपेक्षा लवकर ओसरतो हे ध्यानात ठेवून रुग्णावर नजर ठेवावी. बाहुल्या तशाच, परंतु छातीत घरघर, तोंडातून लाळ-फेस, घाम, जुलाब आणि त्वचेखाली स्नायूंची वळवळ असेल, तर ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट कीटकनाशक. अशा रुग्णावर हृदयाच्या कमजोरीमुळे फुप्फुसात पाणी झाले असे समजून लघवीच्या औषधाचे उपचार झालेले दिसतात. प्रत्यक्षात ते पाणी श्वासनलिकांतील स्राव असते आणि ॲट्रोपिनशिवाय ते आटत नाही. ॲट्रोपिन किती द्यायचे हे छातीच्या आवाजावरून ठरते, बाहुल्यांवरून नाही. रक्तदाबावरील क्लोनिडिनही बाहुल्या लहान करते, नाडी आणि रक्तदाब उतरवते. गदागदा हलवले की रुग्ण क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो, ही त्याची लकब लक्षात राहण्यासारखी आहे.

कार्बन मोनॉक्साईडची ओळख शरीरावर शोधून सापडत नाही. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळ हे सगळे फ्लूचे किंवा अन्नातून झालेल्या बाधेचे वाटते, आणि पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवत राहतो, कारण त्याला ऑक्सिजनयुक्त आणि कार्बन मोनॉक्साईडयुक्त हिमोग्लोबिन यांतील फरक कळत नाही. गुलाबी-लाल त्वचेची पुस्तकी खूण जिवंत रुग्णात क्वचितच दिसते. इथे निदान घडते ते प्रश्नांतून: घरात आणखी कोणाचे डोके दुखते आहे का, बाहेर पडल्यावर बरे वाटते का, बंद खोलीत शेगडी, जनरेटर किंवा गॅसचा गीझर चालू होता का? एकाच छताखालचे दोघे-तिघे एकाच सकाळी ताप नसताना आजारी पडले, तर को-ऑक्सिमेट्री (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी रक्तचाचणी) होईपर्यंतही शंभर टक्के ऑक्सिजन सुरू ठेवावा. मात्र अहवाल वाचताना वेळेचा हिशेब करावा, कारण साध्या हवेत या वायूची पातळी चार-पाच तासांत निम्मी होते आणि शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासातच. वाटेत ऑक्सिजन मिळालेल्या रुग्णाची कमी आलेली पातळी काहीच नाकारत नाही.

वृद्धांमध्ये भ्रमावस्था ‘वयामुळे’ किंवा ‘लघवीतील संसर्गामुळे’ म्हणून मोकळे होण्याआधी लिथियम आणि डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) ही दोन नावे औषधांच्या यादीत शोधावीत. जुलाब होऊन शरीरातील पाणी कमी झाले, किंवा आयब्युप्रोफेनसारखे वेदनाशामक, थायझाईड (लघवी वाढवणारे औषध) अथवा एसीई इनहिबिटर (रक्तदाबावरील औषध) नव्याने सुरू झाले, की वर्षानुवर्षे चालत आलेला लिथियमचा तोच डोस विषारी ठरतो: हात जाडसर थरथरतात, चाल झोकांड्या खाते, बोलणे अडखळते, आणि लहान मेंदूचा पक्षाघात म्हणून स्कॅन होतो. पातळीसाठी रक्त पाठवताना लिथियम हेपारिन असलेली नळी वापरली गेली तर आकडा खोटा वाढतो, तेव्हा नळी स्वतः पाहावी. डिगॉक्सिनमध्ये जेवण सुटणे, मळमळ आणि गोंधळ आठवडाभर आधीपासून असतो. ॲट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराच्या) रुग्णाची अनियमित नाडी अचानक संथ आणि नियमित झाली, तर त्याबद्दल आनंद मानण्यापूर्वी हे औषध आठवावे.

ईसीजी प्रत्येकाचा काढावा, छातीत दुखत असो वा नसो. क्यूआरएस (ईसीजीतील मुख्य ठोक्याचा भाग) १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद, एव्हीआर या लीडमध्ये शेवटी उंच आर लाट, आणि झटके किंवा गुंगी असे एकत्र दिसले तर ट्रायसायक्लिक औषध समजून सोडियम बायकार्बोनेट हाताशी ठेवावे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे झटके क्षयरोगाच्या उपचारावरील व्यक्तीला आले, तर ते आयसोनियाझिडचे असू शकतात. तिथे पायरिडॉक्सिन हेच खरे औषध, आणि गोळ्यांची संख्या माहीत नसेल तर प्रौढाला ५ ग्रॅम शिरेतून देतात. स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन जास्त झाल्यास, किंवा मूत्रपिंड निकामी असताना नेहमीच्याच डोसनेही, इतकी गाढ बेशुद्धी येऊ शकते की मेंदू मृत झाल्याचा भास व्हावा. मण्यारासारख्या सापाच्या विषानेही तसेच होते: दंशाची खूण जवळजवळ दिसत नाही, रुग्ण झोपेतून पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो, आणि आतून तो पूर्ण शुद्धीत असू शकतो. मेंदूमृत्यूच्या चाचण्यांआधी औषधे आणि विषे वगळण्याची अट घातलेली असते ती याचसाठी.

चौकशीबद्दल थोडे. ‘काही घेतले का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येते, कारण त्यात आरोप ऐकू येतो. ‘घरात कोणकोणती औषधे आहेत, कोणाची आहेत, सगळ्या पट्ट्या, बाटल्या आणि मलमे पिशवीत घालून घेऊन या’ असे सांगितले तर माणसे आणतात. पट्टी केव्हा आणली आणि त्यात किती गोळ्या उरल्या हे ताडून पाहिले तर हिशेब लागतो. रुग्ण शेवटचा पूर्ण बरा कोणी आणि केव्हा पाहिला, गेल्या तीन आठवड्यांत कोणते औषध सुरू, बंद किंवा कमीजास्त झाले, कामाच्या ठिकाणी कोणत्या रसायनांशी संबंध येतो, हे प्रश्न शक्यतो दोन वेगवेगळ्या व्यक्तींना स्वतंत्रपणे विचारावेत. उपचार सुरू होण्याआधी काढलेल्या पहिल्या रक्ताचा एक नमुना प्रयोगशाळेत राखून ठेवायला सांगावे; शंका बहुधा दुसऱ्या दिवशी येते आणि तोवर रक्त बदललेले असते. विष माहिती केंद्राला फोन करायचा तो निदान झाल्यावर नव्हे, विसंगती दिसली त्याच वेळी.

शेवटी उलट बाजूचा एक मुद्दा. समजा, रिकामी पट्टी सापडली आणि ती पॅरासिटामॉलची आहे. हेतुपुरस्सर काही घेतल्याची शंका असलेल्या प्रत्येक रुग्णात पॅरासिटामॉलची पातळी पाहावीच, कारण पहिल्या दिवशी लक्षणे नगण्य असतात आणि त्याचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. परंतु त्यातून होणारी भ्रमावस्था यकृत निकामी झाल्यावर, साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. गोळ्या घेऊन चार तास झालेला रुग्ण आताच गोंधळलेला असेल, तर क्वचित घडणारी अतिप्रचंड मात्रा वगळता, त्याचे कारण पॅरासिटामॉल नाही. सोबत घेतलेले दुसरे काहीतरी, उतरलेली साखर किंवा पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव शोधायचा अजून बाकी आहे.